सील शाबूत

गावात त्याला चेअरमन म्हणत. तो कशाचाही चेअरमन नव्हता. कधीकाळी दूध सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला होता. निकालाच्या आधीच त्यानं आभाराचं भाषण लिहून ठेवलं, आणि सपशेल पडल्यावर ते वाया जाऊ नये म्हणून घरच्यांना समोर बसवून वाचून दाखवलं. तेव्हापासून हे नाव चिकटलं. त्यात कुणी आपल्याला टोमणा मारतंय असं त्याला कधी वाटलं नाही, हीच त्याची खरी ताकद.

घर दोन भावांचं. चेअरमन थोरला. धाकटा भाऊ आणि त्याची बायको, जिला सगळे धाकटीच म्हणत, ताडपत्र्या शिवायचे. ती मशीन चालवायची, तो कडेला पितळी रिंगा ठोकायचा. जाड कापड ओढून ओढून तिचा उजवा खांदा डाव्याहून खाली आला होता आणि बोटांच्या चिरा बारा महिने भरत नव्हत्या. गावातली जवळजवळ प्रत्येक ताडपत्री तिच्या हातची. प्रत्येक घराच्या ताडपत्रीला ती एका कोपऱ्यात वेगळ्या रंगाचं ठिगळ लावून द्यायची, म्हणजे एकाच मोकळ्या जागेत वाळत पडलेल्या ताडपत्र्यांवरून भांडणं होत नसत. पण आता बाजारात निळा प्लास्टिकचा कागद आला होता. तो एका उन्हाळ्यात फाटायचा आणि लोक पुन्हा तोच आणायचे. मशीन दिवसच्या दिवस झाकलेलं असायचं.

आणि चेअरमन काय करायचा? चेअरमन जाऊन यायचा. कुठं, ते विचारायचं नाही.

असाच एकदा तो तालुक्याहून जाऊन आला, पाय न धुताच मशीनजवळ खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आपत्ती."

"कुणाला काय झालं?" थोरली आतून धावत आली. ती चेअरमनची बायको. घरात कुणी मोठ्यानं बोललं तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं.

"कुणाला काही नाही. व्हायचंय." चेअरमननं आवाज खाली आणला. "सरकार यंदा पावसाआधीच पुरवठादार नोंदवून घेतंय. पूर आला, वादळ आलं, की ताडपत्र्या घेणार फक्त नोंदणीवाल्याकडून. मागच्या पुरात ज्यानं पाण्याच्या बाटल्या पुरवल्या त्याचं घर बघितलंस? वर आणखी एक घर बांधलंय. आपल्या घरात त्या पुरात कमरेएवढं पाणी होतं. आपण काय मिळवलं? सर्दी!"

ज्या पुरात गावातली जनावरं वाहून गेली, त्याच्याबद्दल हा माणूस गाडी चुकल्यासारखा हळहळत होता.

"नोंदणी बाईच्या नावावर असली की आधी नंबर लागतो," तो पुढं म्हणाला. "म्हणून मालक धाकटी."

"जाऊबाई का नकोत?" धाकटीनं विचारलं.

"तिला साहेबानं नाव विचारलं तरी रडेल. तुला निदान टाका कुठला, दुमड किती, हे सांगता येतं. आणि ऑर्डर आली की शिवायचंय तुलाच. वर्षभर मशीनला दम मिळणार नाही, बघ."

हे शेवटचं वाक्य त्यानं बरोबर जागी मारलं. धाकटीनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं हातोडीकडं बघितलं. तो काही ठरवायची वेळ आली की हत्याराकडं बघायचा. मशीनवरची धूळ मात्र दोघांनाही दिसत होती. ती तयार झाली.

माल नाही, कागद नाही, पण सगळ्यांत आधी बोर्ड आला. पत्र्याचा, पिवळा, त्यावर लाल अक्षरांत 'दिलासा ताडपत्री व आपत्ती साहित्य पुरवठा केंद्र' आणि खाली एक हात दुसऱ्या हाताला पाण्यातून वर ओढतोय असं चित्र. रंगाऱ्याला हात काढता येत नसावेत. बघणाऱ्याला वाटायचं, वरचा खालच्याला दाबतोय.

तालुक्याच्या कचेरीत धाकटी तीनदा जाऊन बसली. तिथला बाक एका बाजूनं मोडका होता, त्यामुळे बसणारा हळूहळू शेजारच्यावर सरकायचा. खिडकीतल्या कारकुनाचं अर्धं लक्ष डब्याकडं होतं. त्यानं विचारलं, "आपत्तीचा अनुभव?"

"आहे की," चेअरमन पुढं झाला. "मागच्या वर्षी आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं."

"भोगल्याचा नव्हे हो. पुरवल्याचा."

मागच्या रांगेत हशा पिकला. चेअरमनही हसला, जसा काही विनोद त्यानंच केला होता. कारकून म्हणाला, अनुभव नसेल तर गोदामात माल दाखवा, साहेब पाहणीला येतील, माल दिसला तर नोंदणी. धाकटीला कुणी काही विचारलं नाही. तिनं आठवून ठेवलेला टाका आणि दुमड तशीच परत आणली.

आता माल कुठून आणायचा? कापडाचा तागा उधारीवर द्यायला व्यापारी काही वेडा नव्हता. चेअरमन अंगणात फेऱ्या घालत राहिला आणि मग एकदम थांबला. शेजारच्या मोकळ्या जागेत वीटवाली मावशी आपल्या विटांवर ताडपत्री सारखी करत होती. चेअरमननं तिकडं बघितलं, पलीकडच्या गंजीकडं बघितलं, त्याच्या पलीकडच्या गोठ्याच्या छपराकडं बघितलं.

"माल तर गावभर पडलाय," तो म्हणाला.

"तो लोकांचा आहे," धाकटी म्हणाली.

"शिवला कुणी? तूच ना? दोन दिवस आणायचा, साहेबाला दाखवायचा, परत द्यायचा. आभाळ बघ, ढगाचं नाव नाही. पावसाला अजून कितीतरी अवकाश आहे."

चेअरमन मागायला गेला असता तर गावानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं. म्हणून धाकटीला जावं लागलं. दारोदार ती एकच वाक्य बोलली, दोन दिवसांत आणून देते, आणि लोकांनी दिल्या. अशा बाबतीत आमचं गाव मेंढराचं. पहिल्यानं दिली की दुसरा 'का?' असं विचारत नाही.

एकटी वीटवाली मावशी अडली. तिचा नवरा गेल्यापासून ती एकटीच चिखल तुडवायची, साचे भरायची, विटा उन्हात वाळवायची आणि माणसाच्या उंचीची रास रचून ठेवायची. भट्टी लागायला अजून वेळ होता. तोवर त्या विटा म्हणजे नुसती वाळलेली माती. पाण्याचा थेंब लागला की विरघळायची.

"हे माझं अख्खं वर्ष आहे बाई," मावशी ताडपत्रीचा कोपरा मुठीत धरून म्हणाली. "आभाळाचा भरवसा नाही."

"ढग दिसला की दुसऱ्या मिनिटाला आणून देते, मावशी. माझा शब्द."

"चेअरमनचा नाही ना?"

"माझा."

मग मावशीनं मूठ सोडली.

दोन्ही जावांनी त्या ताडपत्र्या विहिरीवर नेऊन घासल्या. शेण निघालं, भुसा निघाला, कोंबड्यांची पिसं निघाली. मावशीच्या ताडपत्रीतून तर नुसतं लाल पाणी वाहत राहिलं. थोरलीचे गुडघे सुजले, तरी ती हूं की चूं न करता घासत होती. धाकटीनं घड्या अशा घातल्या की ठिगळाचा कोपरा आत जावा. चेअरमन छत्री घेऊन उन्हात उभा होता आणि "नवं दिसलं पाहिजे, नवं," असं म्हणत होता.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळा माल छतापर्यंत रचला. शेडची पाठ मावशीच्या वीटजागेला लागून होती.

साहेब आले. तरुण, घामट, बुटांना वीटजागेतला चिखल लागू नये म्हणून उड्या मारत चालणारे. बरोबर एक शिपाई. साहेबांनी दारातूनच माल बघितला, वाकून खालच्या एका घडीला चिमटा घेतला आणि ते शिंकले. बोटाला लाल लागलं.

"हे लाल काय?"

"नवा रंग आहे साहेब," चेअरमन म्हणाला. "पहिल्या धुण्यात थोडा जातो."

ताडपत्री हिरवी होती. साहेबांनी बोट रुमालाला पुसलं आणि ते दार लावायला निघाले. चेअरमननं चहा पुढं केला, पण शिपायानं पिशवीतून लाख काढली, मेणबत्ती काढली, फीत काढली.

"हे कशाला?" धाकटीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सील. गेल्या वर्षी एकच माल पाच गोदामांत दाखवला लोकांनी. आता पाहणी झाली की जागच्या जागी सील. आपत्ती जाहीर झाल्याचा आदेश आला की मीच येऊन उघडणार. तोवर कुणी तोडलं तर नोंदणी रद्द आणि गुन्हा." साहेबांनी कागद बघितला. "मालक तुम्हीच ना? मग गुन्हा तुमच्यावर."

कुलपावर लाख टपटप पडली. चेअरमनच्या हातातल्या चहावर साय धरली. आयुष्यभर दुसऱ्याला टोपी घालायचं स्वप्न बघणाऱ्या या माणसाच्या डोक्यात एवढं आलं नव्हतं की त्याच्या आधी कुणीतरी हेच करून गेलेलं असेल.

त्यानंतरचे दिवस धाकटीनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. पाण्याला गेली की बायका विचारायच्या, काय गं, दोन दिवस झाले नाहीत अजून? कुणी शेडसमोरून मुद्दाम खाकरत जायचं. तिच्याशी बोलणं कमी झालं, ती आली की बोलणी थांबायला लागली. लोकांनी निळा कागद आणून गंजी झाकल्या आणि त्याची किंमत तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं एकमेकांना सांगितली. मावशीला तोही परवडण्यासारखा नव्हता. ती रोज सकाळी शेडजवळ यायची, सीलकडं बघायची आणि काही न बोलता साचे भरायला जायची. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर धाकटीला जेवण गेलं असतं.

मग वारा फिरला. दुपारीच डोंगराच्या बाजूनं आभाळ काळं व्हायला लागलं, वेळेच्या कितीतरी आधी.

"भाऊजी, साहेबांना फोन लावा," धाकटी म्हणाली. "खरं काय ते सांगा."

चेअरमननं फोन लावला. खरं काही सांगितलं नाही. सील कधी उघडणार एवढंच विचारलं आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळत गेला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पाऊस तर पडू द्या. नुकसान झाल्याचा अहवाल येईल, मग आपत्ती जाहीर होईल, मग सील निघेल." त्यानं आभाळाकडं बघितलं. "चांगलं जोरात आलं पाहिजे. भुरभुर येऊन गेलं तर काही उपयोग नाही."

"मावशीच्या विटा उघड्या आहेत, दादा," धाकटा म्हणाला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं वाक्य.

"अरे, तेच तर नुकसान! तिलाही काहीतरी मिळेल सरकारकडून. आणि सीलला कुणी हात लावायचा नाही. लावलात तर तुझ्या बायकोच्या हातात बेड्या पडतील, माझ्या नाही."

एवढं बोलून त्यानं खुर्ची उचलली, शेडच्या दारासमोर मांडली, छत्री उघडली आणि सीलवर पाणी पडू नये म्हणून तिथं पहाऱ्याला बसला. घरातलं पोर तापानं फणफणलं असतं तर हा इतका वेळ बसला नसता.

पहिले थेंब पडले तेव्हा धाकटी मशीनजवळ उभी होती. शेजारच्या जागेत मावशी रासेवर आपलं लुगडं पसरत होती, गोणपाट पसरत होती, हाताला येईल ते टाकत होती, आणि वारा ते सगळं उडवून लावत होता. तिनं मदतीला हाक मारली नाही. शेडकडं बघितलंसुद्धा नाही. धाकटीला वाटलं, आपण जमिनीत गेलो तर बरं. मग तिला स्वतःचाच इतका राग आला की पाय आपोआप हलले.

"पक्कड कुठाय?" तिनं विचारलं.

धाकट्यानं या वेळी हत्याराकडं नुसतं बघितलं नाही. तो पक्कड आणि हातोडी घेऊन तिच्या पुढं निघाला.

दोघं शेडच्या मागं गेले. गंजलेले खिळे पावसाच्या आवाजात एकेक करून निघाले. धाकट्यानं पत्रा दुमडून धरला, त्याचा तळवा कापला, रक्त पाण्याबरोबर कोपरापर्यंत आलं. धाकटी आत शिरली. अंधारात तिला बघायची गरज नव्हती. घडीत हात घालून ती कोपऱ्यातलं ठिगळ चाचपायची आणि ओढायची. मावशीची सगळ्यांत खाली होती. ती ओढताना तिचा खांदा निखळल्यासारखा झाला आणि ती तिथंच कळवळून खाली बसली. तेवढ्यात आणखी दोन हात आले. थोरली होती, नखशिखांत भिजलेली.

"बाजूला हो," थोरली म्हणाली. "मला दे ते टोक."

तिघांनी ताडपत्री रासेवर टाकली. मावशी दुसऱ्या टोकाला लोंबकळली, कडेच्या रिंगांतून दोर ओवले, दगड बांधले. खालचे थर तोवर बसले होते. पायाखाली लाल चिखल वाहत होता आणि त्यात विटांचे कोपरे विरघळत होते. वरची निम्मी रास वाचली. मग ते बघून गावातून एकेक माणूस यायला लागला. फटीतून धाकटी बाहेर द्यायची, थोरली ठिगळ बघून घराचं नाव पुकारायची, आणि ज्याची त्याला मिळायची.

आणि दारापुढं छत्रीखाली चेअरमन बसून होता. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की त्याला मागचं काही ऐकू येत नव्हतं. तो खुशीत होता. मध्येमध्ये उठून रुमालानं लाख पुसत होता.

दुसऱ्या दिवशी उघाड पडल्यावर साहेबांची जीप आली. आदेश निघाला होता. साहेबांनी सीलचा फोटो काढला आणि शिपायाला लिहून घ्यायला सांगितलं, "सील शाबूत." चेअरमननं मान ताठ केली. मग त्यांनी सील तोडलं, दार उघडलं, आणि समोरच्या भिंतीतून ऊन सरळ त्यांच्या तोंडावर आलं. शेडमध्ये कोंबडीचं एक पीस होतं.

चेअरमनचं तोंड उघडं पडलं ते मिटेना. साहेब फटीपर्यंत गेले, वाकून बाहेर बघितलं. विटांवर, गंजींवर, गोठ्यांवर, सगळीकडं ताडपत्र्याच ताडपत्र्या. रिकाम्या गोदामाला लावलेलं शाबूत सील म्हणजे काय, हे त्यांनाही कळत होतं. त्यांच्याच सहीचं होतं ते.

"वाटप झालेलं दिसतंय," ते शेवटी म्हणाले.

चेअरमनला जीव आला. "होय साहेब! रातोरात! माणुसकी म्हणून!"

"मग घेणाऱ्यांच्या सह्या घ्या, अंगठे घ्या. बिल पाठवून देऊ. आधी मालकाची सही."

कागद धाकटीसमोर आला. चेअरमन तिच्या कानाशी लागला, "कर सही. कुणाचं काही जात नाही. ताडपत्र्या त्यांच्याकडंच राहणार, बिलाचे पैसे आपल्याला. मावशीचा अंगठा मी घेऊन येतो."

मावशी फटीच्या पलीकडं उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती फक्त धाकटीकडं बघत होती.

"साहेब," धाकटी म्हणाली, "मालक मी आहे. पण माल माझा नाही. गावाकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेला होता. ज्याचा त्याला परत दिला. पत्रा मी काढला."

शिपायानं लिहायचं थांबवलं.

"हे मी ऐकलेलं नाही," साहेब म्हणाले.

"पुन्हा सांगू?"

"नको!" साहेब जवळजवळ ओरडले. सील त्यांचं, पाहणी त्यांची, लाल बोट त्यांचं. गुन्हा लिहायचा म्हटला तर पहिली ओळ त्यांच्यापासूनच सुरू झाली असती. त्यांनी कागद गोळा केले. "नोंदणी रद्द. तुमचं नाव काळ्या यादीत. परत कुठल्या कचेरीत दिसू नका." आणि या वेळी चिखल न चुकवता ते सरळ जीपकडं गेले.

चेअरमन जीपमागं थोडा धावला. परत आला तेव्हा शेडवर बोर्ड नव्हता. धाकट्यानं तो तेवढ्यात काढला होता.

धाकटी मावशीच्या जागेत गेली. विरघळलेल्या विटांचा चिखल एका बाजूला ओढून ठेवला होता. तिनं साडी खोचली.

"पुढच्या वेळी मागायला आलीस तर देणार नाही," मावशी म्हणाली.

"नका देऊ."

"बरं." मावशीनं बादलीभर पाणी चिखलावर ओतलं. "टाचेनं तुडव. बोटांनी नको, खडे राहतात."

धाकटी तुडवायला लागली. थोडा वेळ गेला आणि थोरलीही येऊन चिखलात उभी राहिली, सुजलेल्या गुडघ्यांसकट. तिघींच्या पायांचा पचपच आवाज येत राहिला.

तासाभरानं चेअरमन आला. चेहरा पुन्हा टवटवीत. "हे बघा, झालं ते झालं. काळ्या यादीत धाकटीचं नाव आहे, थोरलीचं नाही. उद्या जाऊन नव्यानं नोंदवू. नाव तेच ठेवू, दिलासा. बोर्ड आहेच आपल्याकडं. कुठाय बोर्ड?"

"माझ्या नावाला हात लावायचा नाही," थोरली म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण चेअरमननं मागं वळून बघितलं, बोललं कोण ते बघायला. थोरली चिखल तुडवतच होती. तिच्या हातातून काही पडलं नाही.

बोर्ड त्याला शेवटी दिसला. ताडपत्री जिथं तोकडी पडत होती, तिथं विटांच्या टोकावर तो पालथा घातलेला होता. तो उचलायला वाकला.

"राहू दे तिथंच," मावशी मान वर न करता म्हणाली. "खालच्या विटा ओल्या आहेत."

चेअरमननं तिघींकडं बघितलं. एकीनंही काम थांबवलं नाही. मग तो तसाच विटांजवळ उभा राहिला. डोक्यावर छत्री होती आणि आभाळ केव्हाच निवळलं होतं.